तिरप्या मिस्त्रीची फरशी

मी सांगणार आहे ते तुम्हाला खोटं वाटेल. वाटू दे. आमच्या शिंप्यालाही वाटलं, आणि शिंपी असा की गिऱ्हाईक ‘माझं पोट उतरलंय’ म्हणालं तर टेप हातात असूनही मान डोलावतो. चाळीस वर्षं मी फरश्या बसवल्या. माझ्या फरशीवर गोटी ठेवली, तर कुठं जावं या विचारात ती तिथंच म्हातारी व्हायची. आणि तरीही जगातली सगळ्यात तिरपी फरशी ज्या खोलीत झाली, त्या खोलीत मी होतो. डोळ्यांनी बघितली. म्हणून सांगायचा हक्क माझा.

ऊन तिरपं होऊन शिंप्याच्या कापायच्या टेबलावर आलं की मी त्याच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसतो. घरी बसवत नाही. आमच्या हिच्या तोंडून अकरा वर्षांत एक वाक्य सरळ आलेलं नाही. ‘आमटीत मीठ कमी आहे का गं?’ विचारलं, तर म्हणते, ‘पाणसळ लावून बघा.’ चष्मा सापडत नाही म्हटलं, तर म्हणते, ‘कुणाच्या तरी नावावर ढकला, म्हणजे शोधायला नको.’

पाणसळ म्हणजे हातभर लाकडी पट्टी. मधे काचेची नळी, नळीत पाणी, पाण्यात एक बुडबुडा. बुडबुडा मधोमध थांबला की जमीन सपाट. आमचा सगळा धंदा त्या बुडबुड्याच्या जिवावर. मीठ मोजायची ती वस्तू नव्हे, हे हिला चांगलं ठाऊक आहे. पण बोलायचं तिरकस.

तर परवा मी पायरीवर बसलेलो, आणि हिची भाची आली. म्हणजे माझ्या मेहुण्याची मुलगी. खांद्याला अवजारांची पिशवी, नखांत सिमेंट. तीही आता फरश्या बसवते, ऐकून होतो. शिंप्याकडे तिनं गुडघ्यांना बांधायच्या गाद्या शिवायला टाकल्या होत्या. अकरा वर्षांत तिचं पाऊल आमच्या उंबऱ्याला लागलेलं नाही, म्हणून मी रस्त्याकडे बघू लागलो. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“आतोबा, तुमच्याकडे काम होतं.”

“माझ्या गुडघ्यांत आता काम उरलं नाही, पोरी.”

“गुडघ्यांचं नाही. तोंडाचं आहे.”

आत मशीन थांबलं. शिंप्याचे कान असे, की सुई पडली तर कितव्या नंबरची ते सांगेल.

ती म्हणाली, “नाचाच्या हॉलची फरशी उखडून नवी करायची आहे. मी काम मागायला गेले होते. कमिटीचे चिटणीस म्हणाले, तिरप्याची पोरगी ना तू? बापानं केलं तेवढं पुरे झालं. उद्या दहा वाजता ठरणार आहे. आधीची फरशी बसवली तेव्हा तुम्ही तिथं होता. खोट कुणाच्या पाणसळीत होती, एवढं फक्त त्यांच्यासमोर सांगा. एक वाक्य.”

माझ्याकडे एक वाक्य मागायचं म्हणजे विहिरीकडे एक थेंब मागायचा.

“ते एका वाक्यात मावत नाही,” मी म्हणालो. “बस. पहिल्यापासून सांगतो.”

“मला पहिल्यापासूनचं नको.”

“मग शेवटचं कळणार कसं?”

ती बसली नाही. दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

मला आधी राग आला तो त्या शब्दाचा. तिरपा. म्हटलं, तिरपं असणं हा काय गुन्हा आहे? न्हाणीची फरशी तिरपी नसेल तर पाणी काय हात धरून बाहेर न्यायचं? छप्पर तिरपं. घसरगुंडी तिरपी. शिडी तिरपी लावली तर माणूस चढतो, सरळ उभी केली तर माणूस पडतो. भांग तिरपा पाडला की पोरगा नोकरीला लागलेला दिसतो. टोपी तिरपी ठेवली की सुटीवर असलेला दिसतो. फोटोवाला पोरींना मान तिरपी करायला सांगतो, आणि त्याच फोटोवर लग्नं जमतात.

“गळ्याची पट्टीही तिरप्या कापडाचीच,” शिंपी आतून म्हणाला. “सरळ कापली तर चुण्या पडतात.”

“ऐक. शिंपीसुद्धा सांगतोय.”

“पण पँटीचा पाय तिरपा कापला तर गिऱ्हाईक माझं तोंड तिरपं करतं. प्रश्न तिरप्याचा नाही, मिस्त्री. कुठं तिरपं, त्याचा आहे.”

“तू कापड काप.”

पण तो चिटणीस. त्या माणसानं एवढा मोठा, एवढा कामाचा शब्द उचलला आणि एका माणसाच्या कपाळावर चिकटवला. तिरपे मिस्त्री. मग काय, मेहुणा रस्त्यानं नाकासमोर चालला तरी लोक म्हणायचे, बघा, कडेला चालला. बायका त्याला भिंतीवर घड्याळ लावायला बोलवेनात. त्याच्या घरच्या गच्चीवर पाणी साचलं नाही तर लोक म्हणायचे, साचेल कसं, तिरपी असणार. आणि साचलं तर म्हणायचे, बघा, ढाळसुद्धा देता आला नाही. दोन वर्षं तग धरला त्यानं. मग थापी ठेवली, आणि आता एका गोदामाच्या फाटकावर बसून येणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहितो. ज्या हाताला फरशीवर नुसती टिचकी मारून खाली पोकळ आहे की भरीव ते कळायचं, त्या हातानं नंबर लिहितो. याचा राग येत नाही म्हणता? मला येतो. रोज येतो. अंगाचा तिळपापड होतो.

“मग उद्या हेच सांगा,” भाची म्हणाली.

“सांगतो ना. ऐक.”

आम्हा दोघांचा उस्ताद एक. मी आधी शिकायला लागलो, मेहुणा मागून. माझं त्याच्या बहिणीशी लग्न त्याच्यामुळंच जमलं. ती त्याचा डबा घेऊन कामावर यायची, आणि मी तेव्हा भांग तिरपा पाडत असे. काम शिकून झालं तेव्हा उस्तादानं सागाच्या एकाच फळीतून दोन पाणसळी केल्या. एक मला, एक त्याला. दिसायला जुळ्या. तेव्हा ओळख पटावी म्हणून कडेला खाचा पाडल्या. मी थोरला, मला दोन खाचा. तो धाकटा, त्याला एक. डोळे मिटून अंगठा फिरवला तरी कळायचं, हातात आपली आहे की मेहुण्याची.

आणि उस्तादानं शपथ घातली. रोज सकाळी काम सुरू करायच्या आधी पाणसळ फिरवून बघायची. म्हणजे काय, तर पट्टी ठेवायची, बुडबुडा मधोमध आणायचा. मग तीच पट्टी उचलून टोकांची अदलाबदल करून त्याच जागी ठेवायची. बुडबुडा पुन्हा मधोमध आला तर पट्टी खरी. पळाला तर पट्टी खोटी. जमीन तीच, पाणी तेच. फक्त तोंड दुसरीकडे. उस्ताद म्हणायचा, जी वस्तू एकाच बाजूनं खरं बोलते, ती खोटं बोलते.

भाचीनं पिशवीत हात घातला आणि एक पट्टी काढून शिंप्याच्या टेबलावर ठेवली. साग पार काळा पडलेला, कडा हातानं गुळगुळीत झालेल्या. बुडबुडा एका बाजूला गेला.

“टेबल तिरपं आहे तुमचं,” ती शिंप्याला म्हणाली.

“अरे देवा,” शिंपी म्हणाला. “वीस वर्षं मी गिऱ्हाइकांच्या खांद्यांना दोष देतोय.”

तिनं पट्टीच्या एका टोकाखाली कापडाची चिंधी दुमडून सारली. बुडबुडा मधोमध आला. मग जागेवरच्या जागी टोकं बदलून पट्टी पुन्हा चिंधीवर ठेवली. बुडबुडा मधोमध. हललासुद्धा नाही. शिंप्यानं वाकून कडेवरून बोट फिरवलं. एक खाच.

“ही बाबांची,” भाची म्हणाली. “मी रोज सकाळी फिरवते.”

“काच बदलून घेतली असेल नंतर,” मी म्हणालो.

“तुमची कुठं आहे?”

“हरवली. अवजारं हरवतात. मधे बोलू नकोस, माझा धागा सुटतो.”

“धागा माझ्याकडे भरपूर आहे,” शिंपी म्हणाला. “चालू द्या.”

तर नाचाचा हॉल. चाळीस फूट लांब. चिटणीस रोज सकाळी यायचा, मधोमध उभा राहायचा आणि म्हणायचा, झालं का? जणू फरशी म्हणजे अंडं, उकळत ठेवलं की झालं. तिसऱ्या दिवशी आम्ही परांचीवर चढून भिंतीवर पातळीच्या खुणा करत होतो, आणि मेहुण्याच्या हातून पाणसळ निसटली. वरून खाली, दगडावर. काच फुटली नाही. तीच तर गंमत. काच फुटली असती तर सगळे वाचले असते. नुसती लाकडातल्या लाकडात तसूभर सरकली.

“मग फिरवून बघायची ना,” शिंपी म्हणाला.

“बघायची! चिटणीस खाली उभा राहून घड्याळ दाखवत होता. जाऊ दे, सकाळी बघितली आहे, म्हणून...” मी थांबलो. “म्हणून मेहुणा म्हणाला.”

भाचीनं टेबलावरची पट्टी जवळ ओढली.

आणि फरशी लावायची रीत तुम्हाला माहीत नाही म्हणून सांगतो. पट्टी पुढं पुढं सरकवत जायचं. खोट असलेली पट्टी आलटून पालटून ठेवली, तर एका फरशीची चूक दुसरी फरशी खाते. पण एकाच तोंडानं नेली, तर दर पट्टीला केसभर, केसभर करत चूक साठत जाते. आपली पट्टी एकाच तोंडानं जात होती. चाळीस फुटांच्या शेवटी ती वीतभर झाली.

“गेल्या वेळी दोन बोटं म्हणाला होता,” शिंपी म्हणाला.

“फरशी खचते.”

आता ऐका, आणि हे मी शपथेवर सांगतो. नाचाचा वर्ग सुरू झाला. पोरी या टोकाला उभ्या राहून नाच सुरू करायच्या आणि संपायच्या वेळी सगळ्या त्या टोकाच्या कोपऱ्यात, एकमेकींच्या अंगावर, पोत्यात भरल्यासारख्या. पेटीवाला मास्तर इथं वाजवायला बसायचा आणि शेवटच्या सुराला तिथं सापडायचा. हॉलचा पहारेकरी दुपारी एका भिंतीशी लवंडायचा आणि दुसऱ्या भिंतीशी जागा व्हायचा. त्याला वाटायचं आपण झोपेत चालतो, बिचारा वैद्याकडे जाऊन आला. भिंतीवर तसबिरी होत्या. त्या खिळ्यावर सरळ लोंबायच्या, म्हणून फरशीपुढं तिरप्या दिसायच्या. चिटणिसानं पहारेकऱ्याला हुकूम सोडला, रोज सकाळी तसबिरी सरळ कर. पहारेकरी रोज सकाळी शिडी लावून सरळ तसबिरी तिरप्या करायचा. माणूस बघा. जग सरळ करायला निघाला होता, फरशी सोडून.

वर्षभरात पोरींना सवय झाली. मग त्या बाहेरच्या सपाट रस्त्यावर तिरप्या चालायला लागल्या. नाकासमोर निघालेली पोरगी चार पावलांत दुसऱ्याच्या घरात. चांभारानं एक टाच उंच असलेले जोड करायला घेतले.

“माझ्याकडंही तेव्हा एक पाय आखूड असलेल्या पँटी फार यायच्या,” शिंपी म्हणाला. “मला वाटलं माझाच हात चुकतोय.”

“तुझा हात चुकतोच. ते वेगळं.”

भाची हसली नाही. तिच्या आत्यासारखीच. हसायचं नसलं की या घराण्याची माणसं ओठ असे मिटतात, की मधून कागद जायचा नाही.

शेवटी नाचाच्या बाई चिटणिसाकडे गेल्या. म्हणाल्या, जमीन वाकडी आहे. झालं. यापेक्षा वाईट वाक्य त्यांना सापडलं नसतं. चिटणीस खुर्चीत मागं रेलला, पोट हलवून हसला आणि म्हणाला, बाई, हे आम्ही शाळेत शिकलोय. नाचता येईना, अंगण वाकडं. सगळी कमिटी हसली. चहा देणारा हसला. बाईंचा चेहरा लालबुंद. ज्या कुणी ती म्हण काढली, त्यानं कधी अंगणात पाणी ओतून बघितलं नसणार. एकदा तरी बघायचं होतं. अंगणं वाकडी असतात. मी लावली आहेत.

“तुम्ही?” शिंपी म्हणाला.

“म्हणजे बघितली आहेत.”

बाई तशाच उठल्या. न्हाणीतून भरलेली बादली आणली, सगळ्या कमिटीला हॉलमधे बोलावलं, आम्हा दोघांनाही बोलावणं पाठवलं. आम्ही पोचलो तेव्हा त्या पदर खोचून मधोमध उभ्या होत्या. त्यांनी बादली आडवी केली. पाणी क्षणभर थांबलं. मग निघालं, एकाच दिशेला, लग्नाला उशीर झालेल्या पाहुण्यासारखं. कोपऱ्यात जाऊन साचलं. चिटणिसाचे बूट त्याच कोपऱ्यात होते, आणि बुटांत चिटणीस होता.

तिथं कुणी हसलं नाही. त्यानं ओले पाय उचलले आणि आमच्याकडे बघून गरजला, कुणाची करणी ही? दोन मिस्त्री, दोन पाणसळी, कुणाची?

इथं माझा आवाज चढला, ते मला कळत होतं. शिंप्यानं खूण केली, हळू. पण अकरा वर्षांचा राग आहे. त्या मेहुण्याचा राग. तो माझ्या शेजारी उभा होता आणि गप्प होता. तोंड होतं की नाही त्याला? मी म्हणालो, याची. साफ सांगितलं. पाहुणा आहे, बायकोचा भाऊ आहे, काही बघितलं नाही. आणि तो बघत राहिला माझ्याकडे. म्हणाला नाही, हो. म्हणाला नाही, नाही. नुसतं विचारलं, ताईचं कसं आहे आता? ही तेव्हा अंथरुणाला खिळलेली, घरात मिळवणारा मी एकटा. पण त्या वेळी ताईची चौकशी करायची वेळ होती का ती? भांडायचं होतं त्यानं. एक शब्द बोलायचा होता. मी काय जन्मभर धरून बसणार होतो? एक शब्द बोलला असता, तर मीही पुढचा बोललो असतो. नाही. मान खाली घालून निघून गेला, आणि ते नाव घेऊन गेला. त्यानंतर रस्त्यात दिसला की माझ्याकडे तिरप्या नजरेनंही बघत नाही. सरळ बघतो. त्याचाच जास्त राग येतो.

“पाणसळ तेव्हा तपासली का कुणी?” भाचीनं विचारलं. आवाज अगदी सपाट.

“तपासली नाही? चिटणिसाला काय कळतंय? मीच तपासली. सगळे गेल्यावर. ते तू काय सांगतेस मला? मी त्या रिकाम्या हॉलमधे ओल्या फरशीवर उकिडवा बसलो. पट्टी ठेवली, बुडबुडा मधोमध, शहाण्यासारखा. मग उचलली. हात ओले होते, निसटेल म्हणून कडेला अंगठा घट्ट दाबला, दोन्ही खाचा कातडीत रुतल्या, आजही दुखतं बघ इथं. फिरवली. खाली ठेवली. आणि बुडबुडा असा पळाला त्या टोकाला, असा पळाला, की—”

मशीनवरचा शिंप्याचा पाय हलेना. भाची चौकटीपासून सुटी झाली. टेबलावरची पट्टी तिनं उचलली, तिच्या कडेवरून एकदाच अंगठा फिरवला आणि पट्टी पिशवीत ठेवली.

“आतोबा,” ती म्हणाली, “दोन खाचा तुमच्या पाणसळीला होत्या. उद्या दहा वाजता गोष्ट इथूनच सुरू करा.”